ठिगळांचं जॅकेट

पंजाबरावांनी मोबाइल पुढं केला तेव्हा इंद्रभानच्या हातात भाकरीचा शेवटचा तुकडा होता. कचेरीतली जेवणाची सुट्टी संपत आली होती. "इंद्रभानभाऊ, हा तुमचा प्रसेनजितच हाय ना?" पंजाबराव म्हणाले. "काय फाटकंतुटकं घालून नाचून राह्यला पोट्टा. आन् तुमी तर पँटीची घडी मोडू देत नाई." टेबलाभोवतीची माणसं हसली. वाईट हसली नाहीत. पंजाबरावांच्या मुलीच्या लग्नाला इंद्रभाननं तीन दिवस राबून दिलं होतं, असं हसायचा हक्क त्यांना होता. मोबाइलवर मार्केट यार्डातली पोत्यांची थप्पी दिसत होती आणि तिच्यासमोर आपला मुलगा हात फेकत, मान झटकत, भराभर काहीतरी म्हणत होता. हल्लीची पोरं बोलल्यासारखं गातात तसं. आवाज बारीक होता, शब्द कळत नव्हते. अंगात रंग उडालेलं जीनचं जॅकेट होतं आणि त्यावर जागोजागी ठिगळं: लुगड्याचा काठ, चादरीचा तुकडा, कुठल्यातरी शर्टाचा अख्खा खिसा. मग मुलगा वळला. पाठीवर खाकी कापडाचा मोठा चौकोन होता आणि खाकीच्या बरोबर मधे एक काळं, गोल ठिगळ. इंद्रभानचा डावा हात आपोआप खुर्चीत मागं गेला आणि पँटीवरून फिरला, जसं कुणी अंधारात भिंत चाचपतो. पँट शाबूत होती. तरी तिथं त्याला गार लागत होतं.

"पोरगाच हाय," तो म्हणाला आणि डबा न धुताच पिशवीत टाकून उठला. साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. जिना उतरताना त्यानं स्वतःला समजावलं की काळं कापड कुठंही मिळतं, खाकी कुठंही मिळतं, ते एकमेकांवर आलं असेल योगायोगानं. पाटणी चौकातल्या कपड्याच्या दुकानात परवाच त्यानं पुतळ्याला नवी कोरी जीनची पँट घातलेली पाहिली होती, गुडघ्यावर फाडून, आतून दुसऱ्या रंगाचं कापड लावलेली. तो थांबून बघत राहिला होता. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, दाखवू का काका, पोरांले लय आवडते. त्या वेळी त्याला नुसतं हसू आलं होतं. आता मोटारसायकल त्याच चौकातून नेताना त्याला त्या पुतळ्याला दगड मारावासा वाटला.

खाकी चड्डी पाटलाच्या गोपीचंदची होती. रिसोडच्या पुढं, फाट्यावरून आत चालत जावं लागे त्या गावात, गोपीचंदच्या घरी इंद्रभानची माय भागिरथा धान्य पाखडायला जायची आणि एकदा येताना तिनं ती चड्डी आणली होती. बसायच्या जागी विरलेली, पण कमरेचं बटण शाबूत असलेली. घरात खाकीला जोड देण्यासारखं कापड नव्हतं. बापाची एक छत्री होती, तारा मोडलेली. भागिरथानं छत्रीचं काळं कापड गोल कापलं आणि चड्डीला मागून लावलं, इतक्या बारीक टाक्यांनी की हात फिरवला तर शिवण बोटाला लागू नये. पोरानं ती घातली, वळून वळून मागं बघितलं आणि तो खूश झाला. काळं कापड चमकत होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत तो छत्री झाला. छत्री इकडं ये, छत्री पाणी आण. पोरं मागून येऊन म्हणायची, छत्री उघड. मागच्या रांगेतून बाभळीचा काटा यायचा आणि बरोबर त्या गोलात शिरायचा, आणि तो ओरडायचा नाही, कारण ओरडलं की मास्तर फळ्याकडून वळायचे आणि वळून तेही हसायचे. महिनाभर हे चाललं. मग एका दुपारी हापशीजवळ गोपीचंद म्हणाला, ही चड्डी माही हाय. माह्या मायनं देल्ली हाय. काढ. बाकीच्यांनी तो शब्द उचलला. काढ, काढ, काढ. कुणी हात धरले, कुणी पाय. इंद्रभाननं काहीच केलं नाही. पुढं आयुष्यभर त्याला सलत राहिलं ते हे. चड्डी ओढली गेली हे नव्हे, तर ओढली जात असताना त्यानं पाय सैल सोडले होते, लवकर निघावी म्हणून.

शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता गावाच्या मधून जात होता. सदरा बेंबीपर्यंत होता. तो हातानं पुढं झाकायचा तर मागं राहायचं, मागं झाकायचा तर पुढं. बायका दारात आल्या. एका म्हातारीनं हाक मारून विचारलं, कोनाचं रे पोरगं, आणि त्यानं चालता चालता बापाचं नाव सांगितलं, शाळेत हजेरी द्यावी तसं. बाप घरीच होता. त्याला गोपीचंदच्या घरी जाता येत नव्हतं, त्या घरच्या शेतात तो वर्षभराच्या मजुरीवर बांधलेला होता. त्यानं बैल हाकायची काठी घेतली आणि पोराला मारायला सुरुवात केली. चड्डी कुठं हाय, असं विचारत होता, प्रत्येक काठीला एकदा, जणू पोरानं ती कुठंतरी विकून खाल्ली होती. काठी मोडली तेव्हा अर्धीनं मारलं. माय दारात उभी होती. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं आणि ते पीठ तिनं झटकलं नाही, की ती पुढं आली नाही. मार संपल्यावर तिनं त्याला घोंगडीत गुंडाळलं. त्या दिवसाबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. बापाशी तर नाहीच. बाप मेला तेव्हाही इंद्रभान तिरडीमागून चालताना त्याचे हातच बघत होता.

नोकरी लागली तसा तो कपड्यांचा माणूस झाला. बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांचा सुटाबुटातला फोटो होता. त्याला हार घालताना त्याची नजर नेहमी आधी कोटाच्या कॉलरकडं जायची. स्वच्छ राहा, नीटनेटकं राहा, हे बुद्धविहारात सगळ्यांनीच ऐकलेलं होतं, पण इंद्रभाननं ते कातडीला लावून घेतलं. इस्त्री तो स्वतः करायचा. बायको नीलिमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिच्या साड्याही तोच करायचा. प्रसेनजित लहान असताना खेळून गुडघ्यावर फाटलेली पँट घरी आली की ती शिवायला टाकत नसत, फेकून देत. त्यावरून भागिरथा चिडायची. "एवढ्याशा फाट्यापायी अख्खी पँट फेकतं का कोनी?" म्हणायची आणि उकिरड्यावरून उचलून आणायची. तो पुन्हा फेकायचा. मायलेकांत या एकाच गोष्टीवरून भांडण होई आणि ती गोष्ट कशाबद्दल आहे हे दोघंही बोलत नसत.

तो घरी आला तेव्हा अंगणात कडुलिंबाच्या सावलीत माय बसली होती आणि तिच्या मांडीवर ते जॅकेट होतं. चष्मा नाकाच्या टोकाला, सुई डोळ्यांच्या अगदी जवळ. प्रसेनजित तिच्याजवळ जमिनीवर बसून दोरा ओवून देत होता. मुलगा एकोणीस वर्षांचा, काटक, आजीसारखे मोठे कान. बापाला अवेळी बघून तो उठून उभा राहिला.

"हे काय हाय?" इंद्रभाननं विचारलं.

"जॅकेट. बाही उसवली होती. आता गाडी येऊन राह्यली, नागपूरले जायचं हाय ना आज. सांगलं होतं मी तुमाले." गाण्याच्या स्पर्धेचं त्यानं सांगितलं होतं खरं. तिथं मुंबईची माणसं ऐकायला येणार होती.

"कोनाचं उतरलेलं हाय हे?"

"अकोल्याच्या फुटपाथवरून घेतलं. कोनाचं व्हतं काय माहीत. व्हिंटेज म्हनतात बाबा याले. जुनं, वापरलेलं, ठिगळ लावलेलं. तिकडं परदेशात गाणाऱ्या पोरायनं पहिले गरिबीपायी घातलं, मंग मुद्दाम घातलं. आता सारे गाणारे हेच घालतात. पन त्यायची ठिगळं कारखान्यात लावलेली असतात." तो हसला. "माही आजीनं लावली. असं जॅकेट साऱ्या स्पर्धेत कोनाजवळ नसन."

"लोकायचं उतरलेलं अंगावर घालून तू चारचौघात नाचला. माह्या कचेरीत दाखवून राह्यले."

"पाह्यलं तुमी?" मुलाचा चेहरा एकदम उजळला. पुढं कितीतरी दिवस इंद्रभानला तो उजळलेला चेहराच दिसत राहणार होता. "गानं ऐकलं? पुरं ऐकलं?"

"आवाज नव्हता."

"मंग ऐका. इथंच ऐका. मी तुमालेच पहिले ऐकवनार होतो, पन भेव वाटत होतं." आणि त्यानं आजीच्या मांडीवरून जॅकेट उचललं, सुईदोऱ्यासकट बाही झटकून अंगात घातलं, दोरा तुटला, सुई भागिरथाच्या हातात राहिली. त्यानं डोळे मिटले, पायानं ताल धरला. अंगणात, दिवसाढवळ्या, बापासमोर तो गायला लागला. आवाज चांगला होता. इंद्रभानला हे कळलं, ऐन त्या क्षणीही कळलं की आवाज खोल आणि स्वच्छ आहे आणि शब्द एकावर एक न सांडता पडताहेत.

चड्डी होती पाटलाची, ठिगळ आमच्या छत्रीचं,
पोट्टे म्हनत दिवसभर, छत्री उघड, छत्री उघड.

चाळीस वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. पाऊस आला की इंद्रभान रेनकोट वापरायचा. नीलिमाला वाटायचं, मोटारसायकलमुळं. त्यानं मायकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. म्हणजे तिनं सांगितलं. या अंगणात बसून, दोरा ओवून घेत, तिनं ते पोराला सांगितलं, आणि पोरानं ते पोत्यांच्या थप्पीपुढं उभं राहून जगाला सांगितलं, आणि पंजाबरावांच्या मोबाइलमधे ते आहे, आवाज मोठा केला की बाहेर येईल.

भर रस्त्यानं चालला माहा बाप, खाली काईच नाई,
गावानं पाह्यलं, गाव हसलं, गावाले लाज नाई.

हात कधी उचलला ते त्याला कळलं नाही. उघडा तळवा मुलाच्या डाव्या कानावर बसला. कुणीतरी फुगवलेली कागदी पिशवी फोडावी तसा आवाज झाला. प्रसेनजितचे डोळे उघडले आणि तोंड उघडंच राहिलं, अर्धा शब्द तोंडात. दुसरी थप्पड त्याच कानावर बसली. मग इंद्रभाननं कॉलर धरली. "काढ," तो म्हणत होता. "काढ. काढ ते." मुलगा खाली पडला तेव्हा त्यानं लाथा घातल्या, बरगडीत, मांडीवर, पॉलिश केलेल्या बुटानं. आणि वाकून जॅकेट ओढायला लागला. बाही खांद्यापासून फाटली. त्याला बरं वाटत होतं. हे त्यानं पुढं स्वतःशी कधी नाकारलं नाही. हातापायांतून काहीतरी गरम वाहत होतं, जे कधीपासून तुंबलेलं होतं, आणि प्रत्येक फटक्याला ते जास्त मोकळं वाहत होतं. भागिरथा मधे आली. ती नातवाच्या अंगावर आडवी पडली. त्यानं तिला खांद्याला धरून बाजूला भिरकावलं. ती हातावर पडली आणि हातात सुई होती. तिच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून तो थांबला.

मुलगा उठून बसला. अंगात आता नुसतं बनियन होतं. डाव्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यावर उतरत होती. तो रडत नव्हता. मान एका बाजूला कलती करून तो काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होता, रेडिओवर स्टेशन लागत नसलं की माणूस करतो तसा. "बाबा," तो म्हणाला, फार मोठ्यानं, आपला आवाज किती मोठा आहे हे न कळून, "बाबा, शिट्टी वाजून राह्यली." बाहेर गाडी आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मुलानं दाराकडं बघितलंही नाही, त्याला ते ऐकूच गेलं नसावं. शेजारचा माणूस कुंपणावरून डोकावत होता. त्यानंच गाडीतल्या पोरांना काहीतरी सांगितलं असेल. गाडी निघून गेली.

नीलिमा आली तेव्हा इंद्रभान आत खुर्चीवर बसलेला होता. तिनं अंगण पाहिलं, मुलाचा कान पाहिला, सासूचा तळहात पाहिला, ज्यात सुई मोडून अर्धी राहिली होती. मग ती दारात येऊन म्हणाली, "त्याच्या कानातून रक्त येऊन राह्यलं, आन् तुमी खुर्चीवर बसले." तिनं रिक्षा बोलावली, दोघांना घेऊन गेली. भागिरथाची सुई गावातल्या डॉक्टरनं काढून दिली आणि तिला शेजाऱ्यानं घरी आणून सोडलं. मुलाला घेऊन नीलिमा तशीच अकोल्याला गेली, कानाच्या डॉक्टरकडं. जॅकेट तिनं गोळा करून नेलं होतं, का ते त्याला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. पडदा फाटला आहे. भरून येईल किंवा येणार नाही, ऑपरेशन लागेल का ते काही आठवड्यांनी सांगतील. शिट्टी थांबलेली नाही. "मी येतो," तो म्हणाला. "नका येऊ," ती म्हणाली. "तो झोपेतून दचकून उठून राह्यला. तुमी दिसले त अजून काय होईल." तिचा आवाज मास्तरणीचा होता, सूचना देणारा, आणि त्याच्या मागं कुठंतरी कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं, कोन हाय, आई, कोन हाय.

कचेरीत तो गेला नाही. घरात माय होती पण ती त्याच्याशी बोलत नव्हती. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून भिंतीशी बसली होती. शेवटी त्यानं मोबाइल काढला आणि ते गाणं शोधलं. सापडायला वेळ लागला नाही. हजारो लोकांनी पाहिलं होतं. त्यानं आवाज मोठा केला. पहिलं कडवं, छत्रीचं. दुसरं, रस्त्याचं. जिथं त्यानं काल मारलं ती ओळ आली आणि गेली, आणि गाणं पुढं चालू राहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं की पुढं काही आहे.

मंग वळला माहा बाप, उचलला त्यानं हात,
ज्यानं ओढली चड्डी, त्याचे पाडले त्यानं दात.

त्यानं ते पुन्हा लावलं. पोत्यांपुढं उभा राहून त्याचा मुलगा मूठ वर करत होता. मागं उभी असलेली पोरं ओरडत होती. कमेंटमधे कुणी लिहिलं होतं, बाप असावा तर असा. "हे तू सांगलं त्याले?" इंद्रभाननं मायला विचारलं. "हे असं?"

भागिरथानं पट्टीची गाठ चाचपली. मग म्हणाली, "पोट्टा इचारे, मंग बाबानं काय केलं, आजी? काईच नाई केलं असं कसं सांगू. तुह्यावाला बाप मार खाऊन घोंगडीत निजला, असं सांगू? मी म्हनलं, त्यानं बी मारलं."

इंद्रभान हातातल्या मोबाइलकडं बघत राहिला. त्या कडव्यात त्यानं हात उचलला होता. खऱ्यात तो हात चाळीस वर्षं खालीच होता, आणि वर गेला तो हे कडवं लिहिणाऱ्यावर. आणि काल त्याच्या तोंडात शब्द कुठला होता तोही आता त्याला आठवला. काढ. तो त्याचा शब्दच नव्हता.  मग दुपारभर तो पलंगावर पडून राहिला, डोळे उघडे ठेवून, उजवा हात अंगापासून लांब ठेवून.

उठला तेव्हा माय घरात नव्हती. अंगणात नव्हती, शेजारी नव्हती. पायात चप्पल घालून तो रस्त्यापर्यंत जाऊन आला. विहारात पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एका बाईनं त्याचं पूर्ण नाव विचारलं आणि म्हणाली, "तुमच्या आई इथं पोलीस ठाण्यात बसल्या आहेत. तुम्ही या."

भागिरथा बाकावर बसली होती, पाय जमिनीला पुरत नव्हते. ती चालत आली होती, विचारत विचारत. टेबलामागं एक तरुण महिला पोलीस होती, तिनं इंद्रभानला समोर बसायला सांगितलं आणि हळू आवाजात, समजुतीनं म्हणाली, "आजी म्हणतात, तुमच्याविरुद्ध तक्रार लिहून घ्या. मी सांगितलं त्यांना, घरातलं आहे, मुलगाच आहे, बसून मिटवा. त्या ऐकत नाहीत."

"मारनारा कोन हाय ते नका इचारू, बाई," भागिरथा म्हणाली. "मारलं का नाई, ते इचारा."

"आजी, केस झाली तर त्यांच्या नोकरीवर येईल."

"येऊ दे." तिनं इंद्रभानकडं पाहिलं. काल अंगणात पडल्यापासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "तुह्या बापानं तुले मारलं तवा मी दारात उभी होती. त्याच्या अंगात मानूस नव्हता त्या दिशी. मी त पुढं जाऊ शकत होती. त्या पोट्ट्यायच्या मायकडं जाऊन बोंबलू शकत होती. गेली नाई. मले वाटलं, गेली त काम जाईन. आता माह्याजवळ जायसारखं काय हाय? लिहा, बाई. माह्या नातवाचा कान फोडला यानं. मले ढकललं. लिहा."

महिला पोलिसानं इंद्रभानकडं बघितलं. तिला वाटलं असावं की आता तो काही म्हणेल, रागाच्या भरात झालं, मुलगा उर्मट आहे, आई म्हातारी आहे, तिला काही समजत नाही. त्यालाही ती वाक्यं समोर दिसत होती, धुऊन इस्त्री करून ठेवल्यासारखी, त्यातलं एक उचलायचा अवकाश होता.

"मारलं," तो म्हणाला. "ती सांगते तसंच झालं. आधी हातानं मारलं, मंग लाथांनी मारलं. लिहून घ्या."

लिहून झालं. त्यानं सही केली, भागिरथानं पट्टी नसलेल्या हाताचा अंगठा दिला. महिला पोलिसानं सांगितलं की मुलाचा जबाब घ्यावा लागेल, डॉक्टरचे कागद लागतील, नंतर बोलावू, आता जा. ती थोडी गोंधळलेली होती. तक्रार देणारी आणि ज्याच्यावर दिली तो, दोघांना एकाच दारातून घरी कसं पाठवायचं हे तिला कळत नसावं. ती दारापर्यंत आली. "आजी, घरी यांच्याबरोबर जायला भीती नाही ना वाटत?"

"वाटते," भागिरथा म्हणाली. "पन पाय दुखून राह्यले."

बाहेर ऊन उतरलं होतं. इंद्रभाननं मोटारसायकल पायरीजवळ आणली आणि ती चढेपर्यंत गाडी घट्ट धरून ठेवली. ती एका बाजूला पाय सोडून बसली. त्याला कुठं धरावं हे तिला आधी सुचेना. मग तिनं दुखरा हात मांडीवर ठेवला आणि चांगल्या हातानं त्याचा खांदा पकडला. 

"तक्रार मांगं घेनार नाई मी," ती मागून म्हणाली.

"नको घेऊ."

"हळू चालव."

तो हळूच चालवत होता. दुसऱ्या गियरवर, रस्त्याच्या अगदी कडेनं. सोयाबीन भरलेले ट्रॅक्टर हॉर्न वाजवत बाजूनं जात होते. प्रत्येक हॉर्नला तिचा हात खांद्यावर आवळत होता आणि सैल होत होता. पुढं गतिरोधक आला. त्यानं गाडी थांबवली, दोन्ही पाय जमिनीला टेकले, आणि ती सरकून नीट बसेपर्यंत मागची वाहनं ओरडत असताना तसाच उभा राहिला.